इन्सुलिन रेझिस्टन्स आणि रक्तातली प्रोटीन्स: लॅबच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. रिपोर्ट न्यायला आलेले लोक काउंटरवर उभं राहून जे विचारतात आणि नातेवाईक व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो टाकून जे विचारतात ते सगळं इथे एका जागी केलंय. गोळी चालू करायची का बंद करायची हे इथे मिळणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आकडा कुठून येतो, कशाने बिघडतो आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा एवढंच सांगते, कारण लोकांचे पैसे नेमके तिथेच वाया जातात.

शुगर नॉर्मल आहे माझी, मग इन्सुलिन रेझिस्टन्स कसा काय?

शुगर नॉर्मल असणं वेगळं आणि ती नॉर्मल ठेवायला स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय ते वेगळं. पूर्वी एका हाकेत येणारं पोर आता चार हाका मारल्यावर येतं, पण येतं ना, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, तसंच आहे हे. इन्सुलिन स्नायूच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, आत एकापाठोपाठ एक निरोप जातात आणि शेवटी ग्लूट-४ नावाचं प्रोटीन आतून पेशीच्या पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेतं. याच इन्सुलिनमुळे लिव्हर साखर बनवणं कमी करतं आणि चरबीच्या पेशी चरबी रक्तात सोडायच्या थांबतात. हे निरोप नीट पोचेनासे होणं म्हणजेच इन्सुलिन रेझिस्टन्स, आणि तसं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून भरपाई करतं, ही भरपाई कित्येक वर्षं चालू शकते आणि तोपर्यंत फास्टिंग शुगर आपली ९०-९५ दाखवत राहते.

१९८८ साली जेरल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी एका व्याख्यानात मांडलं की हाय बीपी, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि बिघडलेली शुगर हे सगळं एकत्र दिसतं त्यामागे इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. त्यांनी त्याला सिंड्रोम एक्स म्हटलं, आता मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पोटाचा घेर त्यांच्या यादीत नव्हता, तो नंतर आला, आणि आज सगळ्यात आधी टेप घेऊन घेरच मोजतात.

मी प्रोटीन पावडर घेतो, त्याने रेझिस्टन्सचे मार्कर वाढतात का?

नाही हो. हा प्रश्न जिमवाली मुलं हमखास विचारतात. मार्कर म्हणजे आजाराची खबर देणारी, रक्तात मोजता येणारी गोष्ट, आणि इथे प्रोटीन म्हणजे तुमच्या लिव्हरने, चरबीने, स्नायूंनी आणि स्वादुपिंडाने स्वतः बनवून रक्तात सोडलेली प्रोटीन्स. डाळ, अंडी, पावडर पोटात गेल्यावर तुटून त्यांची अमिनो ॲसिड्स होतात, ती जशीच्या तशी रक्तात जाऊन सीआरपी किंवा फेरिटिन (ही मार्कर-प्रोटीन्स पुढे येतील) बनत नाहीत. इन्सुलिन स्वतःसुद्धा ५१ अमिनो ॲसिड्सचं छोटंसं प्रोटीनच आहे. हां, सॅम्पल द्यायच्या आधी सकाळी शेक पिऊन याल तर इन्सुलिन वाढलेलं दिसेल, कारण प्रोटीन खाल्ल्यावरही इन्सुलिन सुटतं, फक्त साखरेनेच सुटतं असं नाही.

एकच टेस्ट करायची असेल तर कुठली?

फास्टिंग इन्सुलिन आणि त्याच सॅम्पलबरोबरची फास्टिंग शुगर. या दोन आकड्यांवरून होमा-आयआर काढतात. १९८५ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी ही पद्धत छापली आणि हिशोब इतका सोपा आहे की मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो: शुगर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. समजा शुगर ९८ आणि इन्सुलिन १४, तर ९८ गुणिले १४ म्हणजे १,३७२, भागिले ४०५, आले साधारण ३.४. दुसऱ्या माणसाची शुगर ९२ आणि इन्सुलिन ६, तर १.४ च्या आत. दोघांच्या शुगरच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' असंच छापलेलं असतं, म्हणून तर मी म्हणते की नुसत्या शुगरवर समाधान मानू नका.

आता किती म्हणजे जास्त? २ ते २.५ च्या वर गेलं की बरेच डॉक्टर संशय घेतात, पण सगळ्या जगाने मान्य केलेला असा एक आकडा नाहीये, वय, वंश, कुठलं मशीन यावर तो हलतो. २.४ आणि २.६ मध्ये काहीही फरक नाही, लोक त्यावरून रात्रभर झोपत नाहीत ते उगाच.

खरी मोजणी हवी असेल तर ती क्लॅम्प नावाच्या पद्धतीने होते, एका हातातून इन्सुलिन चालू ठेवायचं आणि शुगर एका जागी राहील एवढं ग्लुकोज शिरेतून सोडत बसायचं, दोन-तीन तास, दर काही मिनिटांनी सॅम्पल. जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल तितका माणूस इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतोय. १९७९ पासून हीच पद्धत मापदंड मानतात पण ती रिसर्चपुरतीच, कुठल्या लॅबच्या पॅकेजमध्ये ती येणार नाही.

एका लॅबमध्ये इन्सुलिन ९ आलं, आठवड्याने दुसरीकडे १६. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. इन्सुलिन मोजायचे वेगवेगळ्या कंपन्यांचे किट आणि मशीन एकमेकांशी नीट जुळत नाहीत, शुगरचं जसं सगळीकडे एकसारखं येतं तसं इन्सुलिनचं अजून झालेलं नाही. म्हणून पहिलं म्हणजे तुलना करायची असेल तर लॅब बदलू नका.

दुसरं, सॅम्पल. शुगरसाठी करड्या झाकणाची ट्यूब असते, तिच्यात फ्लोराइड असतं, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर रक्तपेशी आतल्या आत ग्लुकोज खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. जांभळ्या झाकणाची एचबीएवनसी (तीन महिन्यांची शुगर) आणि सीबीसीला (रक्तपेशींची मोजणी), आणि इन्सुलिन जातं सीरमच्या ट्यूबमध्ये. ती सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचं पाणी गवती चहासारखं पिवळसर दिसायला हवं. ते गुलाबी किंवा लाल दिसलं म्हणजे रक्तपेशी फुटल्यात, त्याला आम्ही हेमोलाइज्ड म्हणतो, आणि रक्तपेशींमध्ये इन्सुलिन तोडणारं एक एन्झाइम असतं ते बाहेर येऊन इन्सुलिन खाऊन टाकतं. मग रिपोर्ट छान कमी येतो, पेशंट खूश, आणि आकडा चुकीचा. शीर सापडत नाही म्हणून सुई आत फिरवत बसलं, बारीक सुईतून जोरात ओढलं किंवा ट्यूब खळाखळा हलवली की हे होतं. अशा वेळी चांगली लॅब परत बोलावते, तर कृपया चिडू नका, परत द्या सॅम्पल.

तिसरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही ते म्हणजे बायोटिन. केस गळतात, नखं तुटतात म्हणून ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या अर्ध्या बायका घेत असतात. इन्सुलिनच्या काही मशीनमधलं रसायन बायोटिनवरच चालतं आणि रक्तात बायोटिन जास्त असलं की आकडा खोटा कमी येतो, सी-पेप्टाइडचाही (ते काय ते पुढच्या प्रश्नात). अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता (थायरॉइड आणि हार्ट ॲटॅकच्या टेस्टही याने बिघडतात). गोळी चालू असेल तर सॅम्पल देताना सांगा, दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतील.

आणि चौथं, 'उपवास' आहे म्हणून सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारे. ८ ते १२ तास पाण्याशिवाय काही नाही, चहाही नाही, बिनसाखरेचाही नाही.

सी-पेप्टाइड का लिहून दिलंय? इन्सुलिन केलं होतं की.

स्वादुपिंड आधी प्रोइन्सुलिन बनवतं, ते कापलं की एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड असे जोडीने बाहेर पडतात. इन्सुलिनचा निम्म्याच्या आसपास भाग पहिल्याच फेरीत लिव्हर उचलतं आणि उरलेलंही काही मिनिटांत संपतं. सी-पेप्टाइडला लिव्हर हात लावत नाही, ते अर्धा-एक तास तरी टिकतं, म्हणून स्वादुपिंड किती बनवतंय याचा अंदाज त्याच्यावरून बरा येतो. शिवाय जो माणूस इन्सुलिनचं इंजेक्शन घेतोय त्याच्या रक्तात आपलं कुठलं आणि बाटलीतलं कुठलं हे कसं ओळखणार? बाटलीत सी-पेप्टाइड नसतं.

हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडच्या सगळ्याच डायबेटिसचं मूळ रेझिस्टन्स नसतं, बऱ्याच जणांना, विशेषतः बारीक आणि तरुण लोकांना, इन्सुलिन बनतंच कमी. सी-पेप्टाइड जास्त म्हणजे बनतंय भरपूर पण चालत नाहीये, कमी म्हणजे कारखानाच मंदावलाय. दोघांची औषधं वेगळी होऊ शकतात. एकच लक्षात ठेवा, सी-पेप्टाइड किडनीतून जातं, त्यामुळे किडनी खराब असेल तर आकडा फुगलेला दिसतो.

एचबीएवनसी पण प्रोटीनच का?

हो, हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून मागच्या अडीच-तीन महिन्यांचा अंदाज येतो. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर डायबेटिस, हे आता पाठच झालंय सगळ्यांना.

पण ही टेस्ट रेझिस्टन्स दाखवत नाही, त्याचा परिणाम दाखवते, तोही उशिरा. आणि आपल्याकडे तिची एक अडचण आहे जी परदेशातल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी उगाच थोडं जास्त येतं, आणि आपल्या बायकांमध्ये हा ॲनिमिया किती आहे ते सांगायला नको. उलट सिकल सेल असेल तर पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो, काही मशीन तर गोंधळतातच. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारकडे सिकल सेल बऱ्यापैकी आहे, आणि थॅलेसेमियाचा दोष सिंधी, कच्छी, लोहाणा घरांमध्ये जास्त सापडतो. घरात असा कुणी असेल तर नुसत्या एचबीएवनसीवर जाऊ नका, ग्लुकोज पाजून करतात ती दोन तासांची टेस्ट करून घ्या, नाहीतर फ्रुक्टोसामाइन असतं, ते रक्तातल्या अल्ब्युमिनसारख्या प्रोटीन्सवरची साखर मोजतं आणि मागचे दोन-तीन आठवडे दाखवतं.

माझं वजन नॉर्मल आहे, बीएमआय २२. मला कशाला हे सगळं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण याचं उत्तर पुण्यात सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कपडे घालून उभे राहिले तर दोघेही बारीकच दिसतात! आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात, अशी ठेवण आहे, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेले काका प्रत्येक लग्नात भेटतातच.

पुढची गोष्ट तर अजून भारी आहे. याज्ञिकांच्या टीमने पुण्याकडच्या नवजात बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं आणि लंडनमधल्या गोऱ्या बाळांशी ताडून पाहिलं. आपली बाळं वजनाने बरीच कमी, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त. म्हणजे वडापाव आणि ऑफिसची खुर्ची यायच्या आधीच फरक दिसतोय. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० पर्यंतच चालते. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे तिथल्या डॉक्टरला स्वतःहून सांगावं, कारण तिथला सर्वसाधारण चार्ट २५ आणि ३० चाच असतो.

गोव्यातल्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं. आयसीएमआर-इंडियाबचा देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात देशाचं डायबेटिसचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचं २६.४, सगळ्या राज्यांत पहिला नंबर.

ॲडिपोनेक्टिन टेस्ट करून घेऊ का?

नको. म्हणजे प्रोटीन म्हणून मस्त आहे, टेस्ट म्हणून नको.

हे चरबीच्या पेशीच बनवतात पण गंमत अशी की चरबी वाढली की हे कमी होतं. इन्सुलिनचं काम सोपं करणारं आहे, आपल्या लोकांमध्ये गोऱ्यांपेक्षा सरासरी कमी सापडतं, वजन घटलं की वाढतं, पायोग्लिटाझोन या डायबेटिसच्या गोळीनेही वाढतं. एवढं सगळं खरं असूनही रिपोर्टवर ४ आलं काय आणि ७ आलं काय, तुमच्या डॉक्टरांचा सल्ला एकच राहणार. शिवाय वयस्कर आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये हे जास्त असलं तर उलट धोका जास्त दिसतो, त्यामुळे 'जास्त म्हणजे चांगलं' असंही सरळ नाही. ते पैसे चांगल्या बुटात घाला.

आणि लेप्टिन?

तेही नको. चरबीतून सुटून मेंदूला 'आता खाणं पुरे' असं सांगणारं हे प्रोटीन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या लॅबमध्ये सापडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता लठ्ठपणाचं इंजेक्शन आलंच. पण जाड माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू ऐकत नाही ही भानगड आहे, वरून टोचून फारसं काही होत नाही. ज्यांच्यात जन्मतः लेप्टिनच नाही किंवा शरीरात चरबीच साठत नाही अशा फार थोड्या लोकांना मात्र त्याचं औषध खरंच लागू पडतं.

एचएस-सीआरपी ४.२ आलाय, हार्टचं काही आहे का?

आधी सांगा, मागच्या दोन आठवड्यांत सर्दी, ताप, दाढदुखी, काही लागलं वगैरे? सीआरपी (एचएस म्हणजे तोच, जास्त बारकाईने मोजलेला) लिव्हर बनवतं आणि शरीरात कुठेही जळजळ चालू असली की तासाभरात नाही पण दिवसभरात तो उड्या मारतो. १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर असेल तर बहुतेक इन्फेक्शन चालू आहे, तो आकडा हार्टसाठी वाचायचाच नाही. दोन-तीन आठवड्यांनी परत करायचा आणि मग बोलायचं.

रेझिस्टन्सशी संबंध असा की पोटातली चरबी स्वस्थ बसत नाही, तिथे मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात, आयएल-६ सारखे निरोपे सुटतात आणि ते लिव्हरला सीआरपी बनवायला लावतात. म्हणून घेर वाढलेल्या माणसाचा सीआरपी कायम थोडा चढलेला असतो. पण म्हणून सीआरपी कमी केला की डायबेटिस टळेल का? हे पाहिलंय लोकांनी. कॅनाकिनुमॅब नावाचं महागडं इंजेक्शन १० हजार हार्ट पेशंटमध्ये वापरून पाहिलं, २०१७ मध्ये निकाल आला, सीआरपी चांगला खाली आला, हार्टचे झटकेही थोडे कमी झाले, पण नव्याने डायबेटिस होणं काही कमी झालं नाही.

म्हणजे मार्करमुळे आजार होतो का आजारामुळे मार्कर वाढतो?

अगदी बरोबर जागी आलात. बहुतेक प्रोटीन्स फक्त खबर देणारी आहेत, गुन्हेगार नाहीत, आणि दोन्हीत गल्लत झाली की सप्लिमेंट विकणाऱ्यांचं फावतं.

टीएनएफ-अल्फा या जळजळीचा निरोप देणाऱ्या प्रोटीनचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये दिसलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून ते सुटतं आणि ते अडवलं की उंदरांमध्ये इन्सुलिन बरं चालतं, केवढा गाजावाजा झाला. मग तीन वर्षांनी ते अडवणारं औषध डायबेटिसच्या माणसांना देऊन पाहिलं तर काही फरक नाही. रेझिस्टिन नावाचं असंच एक प्रोटीन २००१ मध्ये आलं, उंदरात चरबीतून सुटतं, माणसात मात्र मुख्यतः मॅक्रोफेजमधून, म्हणजे गोष्टच वेगळी. तेव्हा 'उंदरांवर सिद्ध झालंय' असं कुणी म्हणालं की मी तर पुढे ऐकतच नाही.

आता यावर एक चांगला उपाय निघालाय. काही लोकांच्या जीन्समुळे जन्मापासूनच एखादं प्रोटीन थोडं जास्त किंवा कमी असतं. ते प्रोटीन खरंच गुन्हेगार असेल तर या लोकांना डायबेटिसही त्या प्रमाणात जास्त-कमी व्हायला हवा. सीआरपी या परीक्षेत नापास झाला. एसएचबीजी मात्र पास होताना दिसतं.

ते एसएचबीजी काय? मुलीला पीसीओडी आहे, तिला लिहून दिलंय.

लिव्हर बनवतं ते प्रोटीन, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजनला रक्तात धरून ठेवणारं. इन्सुलिन चढलेलं असलं आणि लिव्हरमध्ये चरबी असली की लिव्हर हे कमी बनवतं, मग टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरतं, आणि पाळी पुढे जाणं, हनुवटीवर केस, पिंपल्स हे सगळं वाढतं. त्यामुळे पीसीओडीत एसएचबीजी कमी आलं तर इन्सुलिनकडेही बघायलाच हवं, नुसती पाळीची गोळी घेऊन भागत नाही. आणि पाळीच्या गोळीने एसएचबीजी वाढतं, थायरॉइड जास्त असेल तरी वाढतं, म्हणून गोळी चालू असताना केलेल्या टेस्टवरून 'सुधारलं' असं ठरवू नका. मुलीला मान काळी झाली म्हणून घासत बसायला लावू नका, तो मळ नाहीये, जास्त इन्सुलिनमुळे त्वचा जाड होते तिथे.

फेरिटिन ४५० आलंय, लोह जास्त झालं का? पालक बंद करू?

पालकाने काही होत नाही. फेरिटिन लोह साठवणारं प्रोटीन आहे पण जळजळ असली, लिव्हरला चरबी असली, दारू असली तरी वाढतं. पोट सुटलेल्या पुरुषात फेरिटिन थोडं वाढलेलं आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रोटीन किती भरलंय ते) नॉर्मल, हे चित्र फॅटी लिव्हर आणि रेझिस्टन्सचं असतं बऱ्याचदा. सॅच्युरेशनही ४५ टक्क्यांच्या वर असेल तर मग खरंच लोहाचा प्रश्न, डॉक्टरांकडे जा. बायकांमध्ये उलटी पंचाईत, फॅटी लिव्हरमुळे फेरिटिन 'नॉर्मल' दिसतं आणि आतली लोहाची कमतरता झाकली जाते.

एसजीपीटी ५८ आहे, दारू तर पीत नाही मी.

म्हणूनच बघायचं. लिव्हरमधली चरबी हे रेझिस्टन्सचं कारणही आहे आणि परिणामही. एसजीपीटी आणि जीजीटी ही एन्झाइम्स म्हणजे प्रोटीन्सच, लिव्हरच्या पेशींना त्रास झाला की रक्तात सांडतात. लिव्हर अशा वेळी फेट्युइन-ए नावाचं अजून एक प्रोटीन जास्त सोडतं जे थेट इन्सुलिनच्या रिसेप्टरच्या कामात खोडा घालतं, ते मोजायची गरज नाही, पण यावरून कळतं की लिव्हर या भानगडीत नुसतं मार खाणारं नाही, हातभारही लावतं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांच्यावरून एफआयबी-४ हा स्कोर फुकटात निघतो, डॉक्टरांना काढायला सांगा, लिव्हर कडक होतंय का याचा पहिला अंदाज येतो.

एलडीएल नॉर्मल आहे, तरी ॲपो-बी सांगितलंय?

चांगला डॉक्टर आहे. प्रत्येक एलडीएल कणावर ॲपो-बीचा एकच रेणू असतो, म्हणजे ॲपो-बी मोजलं की कणांची डोकी मोजली. रेझिस्टन्समध्ये एलडीएलचे कण छोटे आणि संख्येने जास्त होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे एलडीएलचा आकडा सभ्य दिसतो आणि रक्तात कणांची गर्दी मात्र खच्चून. ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेल्यांनी हे एकदा करून घ्यायला हरकत नाही, याला फास्टिंगही लागत नाही.

एका थेंबात हजारो प्रोटीन्स मोजतात म्हणे, ते आपल्याकडे कधी?

यूके बायोबँकेने (ब्रिटनमधल्या लोकांच्या रक्ताचे नमुने आणि तब्येतीची माहिती साठवणारा मोठा प्रकल्प) ५४ हजारांहून जास्त लोकांच्या रक्तात सुमारे २,९०० प्रोटीन्स मोजून २०२३ मध्ये छापली, ऑलिंक नावाच्या तंत्राने. त्यातून पुढे कुणाला डायबेटिस होईल याचे अंदाज बांधणं चालू आहे. काम जबरदस्त आहे. पण त्यात बहुतांश गोरे लोक, आणि आपली ठेवण किती वेगळी ते वर सांगितलंच, तिथला फॉर्म्युला इथे उचलून लावला तर बीएमआय २४ ला ठीक म्हणण्यासारखंच होईल. शिवाय औषधंही आकडे हलवतात, डायबेटिसची साधी मेटफॉर्मिन गोळी घेतली तरी जीडीएफ-१५ नावाचं प्रोटीन वाढतं, म्हणजे कॉम्प्युटरला वाटेल हा माणूस आजारी, आणि तो तर फक्त गोळी वेळेवर घेतोय.

बरं, मग खाली कसं आणायचं?

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने प्रीडायबेटिसवाल्या भारतीयांवरच केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. चालणं आणि खाणं सुधारून डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. अमेरिकेच्या तशाच अभ्यासात चालण्या-खाण्याने ५८ टक्के फरक पडला होता, आपल्याकडे कमी पडला, पण आपल्या लोकांचं वजन फारसं न घटताही पडला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्नायू हलले की ग्लूट-४ इन्सुलिनची वाट न बघता वर येतं आणि त्या एका व्यायामाचा असर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून रविवारी एकदम सिंहगड चढून आठवडाभर बसण्यापेक्षा दिवसाआड थोडं थोडं बरं. आणि नुसतं चालू नका, आपल्याकडे स्नायूच कमी आहेत, तर वजन उचला, काही नाही तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. सासूबाईंनाही करायला लावा.

परत टेस्ट किती दिवसांनी?

फास्टिंग इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड्स काही आठवड्यांत हलतात पण रोजचे चढउतारही बरेच असतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत करू नका, एचबीएवनसीलाही तेवढेच लागतात. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको, आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको, रात्रपाळी करून थेट येऊ नका. तीच लॅब, साधारण तीच वेळ. आणि पॅकेज घेताना ७२ टेस्ट का ९० टेस्ट हे बघू नका, त्यात फास्टिंग इन्सुलिन आहे का ते बघा, बऱ्याच पॅकेजमध्ये सीबीसीचे वीसेक आकडे वेगवेगळ्या टेस्ट म्हणून मोजलेले असतात आणि हे एकच नसतं.